वहिनीचं 'पुरे'

माझ्या भाचीने दवाखान्याच्या भिंतीत आधी खिळा ठोकला आणि मग बापाकडे चित्र मागितलं.

"हे उलटं नाही का झालं?" दादा म्हणाला.

"बाबा, आधी तुझ्याकडे चित्र मागितलं असतं ना, तर खिळा ठोकेपर्यंत माझेच दात पडले असते." ती पायातल्या चपलाही न काढता दारातच उभी होती. "आता खिळा आहे. पेशंट बसल्या बसल्या त्याच्याकडे बघतात आणि विचारतात, इथे काय येणार? मी सांगते, माझे बाबा चित्रकार आहेत, त्यांचं चित्र येणार. महिनाअखेरीपर्यंत नाही आलं, तर टूथपेस्टवाल्याने कॅलेंडर दिलंय ते लावणार. त्याच्यावर एक मोठी दाढ आहे. हातपायवाली. हसणारी."

दादाने डोळे मिटून घेतले. ती दाढ त्याला दिसली असावी.

भाची दातांची डॉक्टर. दादा तिला लाडाने दातकोरणी म्हणतो, आणि ते काही तिच्या शिक्षणामुळे नाही. ती चार वर्षांची असल्यापासून म्हणतो. एखादी गोष्ट हवी असली की ती बाहेर येईपर्यंत ती कोरत राहायची. या वेळी तिला जे बाहेर काढायचं होतं ते काही नुसतं चित्र नव्हतं. वहिनी गेल्यापासून दादाने एकही चित्र पुरं केलं नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि दादाला तर होतंच. पण आम्ही तिघंही बोलत होतो ते खिळ्याबद्दल.

"बरं," शेवटी दादा म्हणाला. "एक करतो. पण हे शेवटचं. जमलं तर जमलं. बिघडलं तर ही रंगाची खोली मी रिकामी करणार. ईझल त्या फ्रेमवाल्याला देऊन टाकतो, तो केव्हाचा डोळा ठेवून आहे. तू तुझी दवाखान्याची खोकी आणून ठेव इथे."

गॅसचं सिलिंडर कधी येणार हे सांगावं, तशा आवाजात तो हे बोलला. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

छताच्या वर माझंच घर आहे. दादा खालच्या मजल्यावर, मी वरच्या. वहिनी गेल्यापासून दुपारचं जेवण मी करून खाली नेते आणि आम्ही बहीणभाऊ एकत्र जेवतो. त्याचं स्वयंपाकघर तेव्हापासून चहापुरतंच उरलंय.

आता 'पुरे'बद्दल सांगायला हवं.

चित्र काढायचं कसं हे दादाला कोणी शिकवायला नको होतं. थांबायचं कुठे हे मात्र त्याला कधी कळलं नाही. शाळेत चित्रकला शिकवायचा तेव्हा पोरांच्या हातातून ब्रश ओढून घ्यायचा, "थांबा रे, मारून टाकाल त्या झाडाला," म्हणून ओरडायचा. घरी आला की स्वतःच्या झाडांना असा रंग लावत बसायचा की शेवटी झाड कुठलं आणि मागची भिंत कुठली हे त्या झाडालाही सांगता आलं नसतं.

मग वहिनी आली. वहिनी नर्स होती. वॉर्डात तिने नुसतं "पुरे" म्हटलं की कण्हणारा पेशंट कण्हायचा थांबतो अशी तिची ख्याती होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती हात पुसत रंगाच्या खोलीच्या दारात आली, चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुरे."

"अगं, ती सावली अजून..."

"सावली कुठे पळून जात नाही. पुरे." आणि तिने त्याच्या हातातला ब्रश काढून टर्पेंटाइनच्या बरणीत उभा केला.

दादा कुरकुरत जेवायला बसला. जेवण झाल्यावर परत जाऊन बघतो तर काय, चित्र झालं होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

तेव्हापासून ही त्यांची पद्धतच पडली. दादा सुरू करायचा, वहिनी संपवायची. प्रत्येक वेळी तो "अगं, अजून" म्हणायचा आणि प्रत्येक वेळी जेवून आल्यावर "तुझं बरोबर होतं" म्हणायचा. त्याला बक्षीस मिळालं त्या समारंभात त्याने भाषणात हेच सांगितलं. म्हणाला, "माझ्या चित्रातला शेवटचा हात माझ्या बायकोचा असतो. तिची नजर माझ्याहून पक्की आहे." मी पहिल्या रांगेत वहिनीच्या शेजारी बसले होते. वहिनी मान खाली घालून पर्सशी चाळा करत होती आणि तिचे खांदे हलत होते. मागच्या बाईने हळूच माझ्या हातात रुमाल दिला, तिला दे म्हणून. लोकांना वाटलं, रडतेय.

ती हसत होती.

का हसत होती ते तिने मला दुसऱ्या दिवशी मटार सोलताना सांगितलं. "अगं, मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. भात झाला की मी पुरे म्हणते. गार भात माझ्या घशाखाली उतरत नाही, आणि हा आल्याशिवाय जेवायचं नाही ही खोड मी स्वतःला लावून घेतलेली. मग काय करू?"

"आणि ते बक्षीसवालं?" मी विचारलं. त्या चित्रात बंद दुकानांची एक रांग आहे, आणि उजव्या हाताचा खालचा कोपरा तसाच सोडलेला. नुसता कोरा कॅनव्हास. एका जाणकाराने वर्तमानपत्रात लिहिलं होतं की हा कोरा कोपरा म्हणजे चित्रकाराने न बोललेलं दुःख आहे.

"कसलं दुःख घेऊन बसलीस!" वहिनीने डोळे पुसले. "आपल्या दातकोरणीच्या शाळेत नाटक होतं. ती झाड झाली होती. पहिल्याच प्रवेशात. अजून थोडा वेळ थांबलो असतो तर झाड चुकलं असतं."

आम्ही दोघी इतक्या हसलो की मटाराचे दाणे कपाटाखाली गेले. मग ती एकदम गंभीर झाली. "त्याला सांगू नकोस हं कधी. बिचारा माझी केवढी किंमत करतो."

मी सांगितलं नाही. बोलायचं नाही ही गोष्ट मला तशी जमते.

कारण माझा एक नेम आहे. सकाळी उठल्यापासून दुपारी बारा वाजेपर्यंत मी बोलत नाही. पूजा, नामस्मरण, घरातली कामं, सगळं मुकाट्याने. सकाळची पहिली वाणी देवाची, उरलेली माणसांची, असं माझं आपलं साधं गणित. वहिनी म्हणायची, "तुझ्या देवाला शांत झोप लागत असेल नाही सकाळची?" दादा मला मौनीबुवा म्हणतो. बाराचा ठोका पडला की घड्याळाकडे बघत सांगतो, "चला, नळ सुटला."

तर वहिनी गेली, आणि दादाला थांबवणारं कोणी राहिलं नाही.

त्याने प्रयत्न केले नाहीत असं नाही. एक चित्र केलं. टेबल, टेबलावर पेला, पेल्याला टेकून तिचा चष्मा. दुपारपर्यंत फार सुरेख होतं. संध्याकाळी पेला बुडाला. दुसऱ्या दिवशी चष्मा बुडाला. आठवडा संपेतो टेबलही गेलं आणि उरला तो नुसता तपकिरी चिखल. फ्रेमवाला, जो दादाच्या तरुणपणापासून त्याच्या चित्रांना चौकटी करतोय आणि ज्याला जिभेला चौकट घालायचं कधी सुचलं नाही, तो येऊन बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, वाळलं की कळवा. उभं लावायचं की आडवं, ते तेव्हाच ठरवू."

त्यानंतर दादाने ब्रश धुऊन ठेवले होते. ते भाचीने खिळा ठोकेपर्यंत.

"तू बस माझ्याजवळ," तो मला म्हणाला. "तू म्हण पुरे."

"मी? मला कुठलं कळतंय?"

"तिला तरी कुठे शिक्षण होतं? नजर असते एकेकाची. तू तिच्याबरोबर इतकी वर्षं काढलीस, थोडी तरी उतरली असेल."

मला मटार आठवले आणि मी ओठ घट्ट दाबले. "पण दादा, तू सकाळच्या उजेडात काढणार. सकाळी मी बोलत नाही."

त्याचा चेहरा असा झाला की मला देवापुढे ओशाळल्यासारखं वाटलं. जागचा उठून तो खिडकीपाशी गेला. समोरच्या गच्चीवर दोरीवर कोणीतरी एक पांढरी चादर वाळत घातली होती. मोठी, दुहेरी पलंगाची. सकाळी ऊन तिच्या मागून यायचं आणि ती अख्खी आतून दिवा लावल्यासारखी दिसायची. त्याला तेच हवं होतं. दुपारी तिच्यात काही राहायचं नाही, नुसती चादर.

"मग घंटा वाजव," तो म्हणाला. "तुझी देवाची."

"देवाची घंटा तुझ्या चादरीसाठी नाही."

"मग पेल्यावर चमचा वाजव. देवाचा चमचा नाही ना कुठला?"

तडजोड झाली. चमचा.

पांढरा रंग सगळ्यात लवकर मळतो, हे मी दादाच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलंय. त्या सकाळी मी स्टुलावर बसले, मांडीवर स्टीलचा पेला, हातात चमचा, मनात नाम. दादाने काढायला घेतलं. आणि खरं सांगते, वहिनी गेल्यापासून त्याची पाठ मी अशी पाहिली नव्हती. सरळ, जरा पुढे झुकलेली, ऐकत असल्यासारखी. चादर आली. तिच्यावरची घडीची रेघ आली. दोरीला बाक आला. माझं नाम चुकायला लागलं.

मी चमचा वाजवला.

दादा वळला. चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आत्ता? अगं, आत्ताशी कुठे पांढरा लावलाय!"

मी पुन्हा वाजवला.

"घाबरून वाजवू नकोस. नीट बघून वाजव."

आता यावर मी काय बोलणार? बोलताच येत नव्हतं. मी हात जोडले. त्याला वाटलं, माझं ध्यान चाललंय. तो परत चित्राकडे वळला. मी चमचा वाजवत राहिले, आणि वाजवत राहिले म्हणूनच त्याला ऐकू येईनासा झाला, जसा गळका नळ थोड्या वेळाने ऐकू येत नाही. वहिनी असती तर तिने हातातला ब्रशच काढून घेतला असता. माझा हात होईना. थोरला भाऊ आहे तो माझा. लहानपणापासून मी त्याच्या हातातून काही ओढून घेतलं असेल तर ते फक्त त्याचं पांघरूण.

पांढऱ्यात निळा गेला. निळ्यात राखाडी. बाराच्या सुमाराला त्या दोरीवर धुण्याआधीची चादर लटकत होती.

बाराचा ठोका पडला.

"दादा, तू बहिरा आहेस का?"

"सुटला नळ."

"मी केव्हापासून वाजवतेय! दोरीला बाक दिलास ना, तेव्हाच झालं होतं!"

"तुला काय कळतं? तिने बरोबर वेळी सांगितलं असतं. तिची नजरच तशी होती. तू आपली मनात येईल तेव्हा टिणटिण करतेस, देवळात आल्यासारखी!"

"नजर नव्हती दादा, भूक होती!"

बोलून गेले. सकाळभर साठवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं आणि त्यात नको तेही आलं.

"भूक म्हणजे?"

मी गप्प. पण दुपारची गप्प बसायची मला सवय नाही, आणि त्याला ते पक्कं माहीत आहे. तो बघत राहिला. शेवटी मी सांगितलं. भात. गार झालेला घशाखाली उतरत नाही. ओ की ठो कळत नाही. सगळं.

दादाने ब्रश ठेवला. बरणीत नाही, खाली फरशीवर. मग तो पलंगाच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. जोरात लावलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याने ते हळूच लावलं.

त्या दिवशी मी आणलेला डबा तसाच राहिला. रात्री मी देवापुढे बसले आणि वहिनीची माफी मागितली. बारानंतर बोलायची परवानगी असते म्हणून काय वाटेल ते बोलावं असा काही नेम नाही. दादाजवळ तिची एक गोष्ट होती, तीही मी काढून घेतली. आता ईझल फ्रेमवाल्याकडे जाणार, खोलीत खोकी येणार, आणि खिळ्यावर ती दाढ हसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून खडखड ऐकू आली. मला वाटलं, खोली रिकामी करायला लागला. धावत खाली गेले. दार उघडंच होतं. दादाने घरातली सगळी चित्रं भिंतीवरून उतरवून बाहेरच्या खोलीत ओळीने टेकवून ठेवली होती आणि स्वतः मधोमध जमिनीवर बसला होता.

"ये, मौनीबुवा," तो म्हणाला. डोळे सुजलेले होते. "बोलू नकोस. नुसती बघ. हे झाड बघ. ह्याला बुंधाच नाही, अधांतरी लटकतंय. का? तिची दुपारपाळी असणार. लवकर जेवून निघायचं असेल. आणि हे मांजर. एकच कान. आजवर मी लोकांना सांगत आलो, दुसरा कान प्रकाशात विरलाय म्हणून! विरतोय कसला? कोणीतरी पाहुणे आले असतील." तो थांबला. त्याचे खांदे हलायला लागले. ते हसू आहे की दुसरं काही, हे मला आधी कळेना. "आणि तो बक्षीसवाला कोपरा?"

मी दोन्ही हात वर करून बोटं पसरली आणि झाडासारखी डोलले.

"झाड?" तो विचारात पडला. मग त्याला आठवलं. "दातकोरणीचं नाटक! पहिला प्रवेश!"

मग मात्र तो हसला. पोट धरून, जमिनीवर आडवा होऊन हसला, आणि त्या हसण्यात मध्येच केव्हातरी रडला, आणि पुन्हा हसला. मी पदर तोंडात धरून बसले होते. नेमाप्रमाणे हसायला बंदी नाही, पण आवाज निघता कामा नये.

"म्हणजे एकही चित्र मी पुरं केलेलं नाही," तो शेवटी म्हणाला. "सगळी अर्धी. भात झाला म्हणून सोडलेली." त्याने पुन्हा एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि चोरून बघावं तसं बुंधा नसलेल्या झाडाकडे बघितलं. "बरी आहेत पण, नाही?"

मी मान डोलावली.

"मग उद्या भात मी लावणार."

मान डोलावायची राहून गेली.

"त्यात काय आहे? तांदूळ, पाणी, गॅस. आणि कुकर नको. ती पातेल्यातच लावायची. शिट्टी झाल्यावर काय, कोणीही थांबेल. आणि तू वरच थांब. तुझा चमचा नको."

त्याने रंगाच्या नाइफने कॅनव्हासवरचा ओला रंग खरवडून काढला, फडक्याने पुसला, आणि मळलेली चादर गेली.

दुसऱ्या दिवशी मी वर जप करत होते. माळ अर्धीही झाली नव्हती तोच करपल्याचा वास आला. आधी वाटलं, दुसऱ्या कोणाचं. मग तो वास जिन्याने वर येऊन माझ्या देवघरात बसला. खाली गेले तर स्वयंपाकघरात धूर, पातेल्यात कोळसा, आणि रंगाच्या खोलीत दादा ब्रश घेऊन उभा. चादर पुन्हा राखाडी.

"भाताने हाक नाही मारली," तो म्हणाला.

मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि पातेलं त्याच्या पुढ्यात आणून धरलं. बोलण्याची गरजच नव्हती. त्याने आत पाहिलं. "ह्याच्यावरसुद्धा जरा जास्तच हात फिरलाय," तो म्हणाला, आणि नाइफ शोधायला लागला. चादर खरवडायला की पातेलं, ते मी विचारलं नाही.

महिना संपत आला होता. भाचीने फ्रेमवाल्याला शनिवारी सकाळी यायला सांगून ठेवलं होतं. चित्र झालं असेल तर माप घ्यायचं. नसेल तर ईझल न्यायचं. "हातगाडी घेऊनच येतो," तो म्हणाला होता. "दोन खेपा कशाला?"

शुक्रवारी संध्याकाळी दादा माझ्याकडे वर आला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "उद्या बसशील? नुसती बस. वाजवायचं काही नाही."

शनिवारी मी त्याच स्टुलावर बसले. त्याने तांदूळ धुतले, पातेलं चढवलं, बोटाच्या पेराने पाणी मोजलं, जसं वहिनी मोजायची. हे त्याने कधी पाहिलं होतं कोण जाणे. मग ब्रश हातात घेतला. समोरच्या गच्चीवर चादर होती. चादरीमागून ऊन येत होतं. देवाची कृपा, त्या घरच्या बाईला धुण्याची हौस आहे.

चादर आली. घडीची रेघ आली. दोरीला बाक आला. या वेळी पांढऱ्याच्या खाली त्याने अगदी थोडा पिवळा ठेवला होता आणि ती खरोखरच आतून उजळली. खालचा डावा कोपरा तेवढा राहिला होता. तिथे नुसता कॅनव्हास.

दादाने ब्रश पांढऱ्यात बुडवला. मग निळ्याला टेकवला.

तो निळा मला ओळखीचा होता. याच निळ्याने पहिली चादर बुडवली होती. ब्रश कॅनव्हासकडे निघाला. मी उठून उभी राहिले. बारा वाजायला बराच अवकाश होता. कित्येक वर्षांचा नेम माझ्या जिभेवर येऊन बसला होता आणि त्याच्या शेजारी तो एक शब्दही. मनातल्या मनात मी देवाला म्हटलं, तू समजून घे, आणि नाही घेतलंस तरी चालेल. मी तोंड उघडलं.

दादाचा हात हवेतच थांबला. त्याने नाक वर केलं. स्वयंपाकघरातून वास येत होता. करपल्याचा नव्हे. भाताचा, ऊन ऊन, झाकणाखालून येणारा.

"पुरे," दादा म्हणाला.

आवाज त्याचा होता, पण सूर वॉर्डातला होता. मग त्याने डाव्या हाताने आपल्याच उजव्या हातातला ब्रश काढून घेतला आणि टर्पेंटाइनच्या बरणीत उभा केला.

मी तोंड मिटलं. माझा नेम वाचला तो असा, भातामुळे.

दादा गॅस बंद करायला गेला तेवढ्यात फ्रेमवाला आला. हातगाडी त्याने खाली लावली होती आणि गाठी मारायला दोरीही हातात तयार होती. चित्राकडे बघून तो थबकला. दोरी खिशात गेली. पुढे झाला, मागे झाला, मान तिरकी केली.

"मास्तर, छान आलंय हो." मग त्याने खालचा कोपरा पाहिला. "एवढा एक कोपरा राहिलाय बघा."

"राहिला नाही," आतून दादा ओरडला. "भात झाला."

फ्रेमवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. त्याने यावर थोडा वेळ विचार केला, आणि खिशातून मापाची टेप काढली.

"मग ईझल?"

"ईझलला हात लावलास तर बघ."

"म्हणजे हातगाडी रिकामीच न्यायची?"

"दातकोरणीकडे जा. तिच्याकडून एक कॅलेंडर घेऊन जा तुझ्या दुकानात. दाढ आहे त्याच्यावर. तुझ्यासारखीच हसते."

मी पानं घेतली. दादाने भात वाढला, माझ्यासाठी आणि न विचारता फ्रेमवाल्यासाठीही. आम्ही तिघं जेवायला बसलो. दादाने पहिला घास घेतला, थोडा चावला, अजून थोडा चावला, आणि माझ्याकडे बघत राहिला. भात कच्चा होता. एकेक शीत दाताखाली करकरत होतं. फ्रेमवाला काहीतरी बोलणार होता, पण मी त्याच्याकडे असं पाहिलं की आयुष्यात पहिल्यांदाच त्याने जिभेला आवर घातला.

"झालाय ना?" दादाने मला विचारलं.

मी त्याच्या खांद्यावरून रंगाच्या खोलीकडे पाहिलं. ती चादर तिथे उन्हात होती, एक कोपरा सोडून. मग मी आणखी भातासाठी ताट पुढे केलं.

चित्राबद्दल जे बोलायचं ते मी बारा वाजल्यावर बोलले, भरपूर बोलले, दादा कानात बोटं घालेपर्यंत बोलले. भाताबद्दल मात्र अजून बोललेले नाही.